तुपाशिवायचं पान

वासंतीअक्कांच्या घरी जेवणाची सुरुवात तुपाने व्हायची. भात वाढून झाला, वरण वाढून झालं, की अक्का डाव्या हातात स्टीलची वाटी आणि उजव्या हातात छोटी पळी घेऊन पानापाशी यायच्या. कुणी नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत तूप भातावर पडलेलं असायचं. याला त्या अन्नशुद्धी म्हणत. तूप पडल्याशिवाय पान देवाला दाखवता येत नाही, आणि जे देवाला दाखवता येत नाही ते माणसाला कसं वाढायचं, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण अक्कांनी एकही पान कोरडं जाऊ दिलं नव्हतं. सिलिंडर घेऊन आलेला माणूस घटकाभर टेकून जेवला, तरी त्यालाही तूप.

त्यांचं घर कन्नड मुलखात, चंदापूरला, बोम्मसंद्र्याकडून आनेकलला जाणाऱ्या रस्त्यावर. माहेर गवीपुरमचं. शहाजीराजांच्या काळात इकडे आलेली ही मराठी घराणी, त्यामुळे घरात मराठी बोलतात पण त्यात कन्नड असं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. "बसा की", "स्वल्प घालू का", "सरी, जाऊन या". स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं. मी बार्शीकडची. पहिल्या आठवड्यात त्यांचं बोलणं ऐकून मला हसू यायचं. त्यांनाही माझं यायचं. ही सिद्धी बोलते ते भांडल्यासारखंच वाटतं, असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

मुलगा गुरुदत्त नोकरीसाठी शहरात एचएसआर लेआउटला राहायला गेला आणि वरचा मजला रिकामा झाला. तेव्हापासून बोम्मसंद्र्याच्या शिलाई कारखान्यात शिकायला येणाऱ्या मुलींना अक्का वर खोल्या देतात. भाड्यासाठी नव्हे. दोन माणसांचा कुकर लावायचा म्हणजे कुकरचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे यजमान नरसिंहराव, म्हणजे आमचे अण्णा, वीज खात्यातून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर आणि पेपर हातात. दिवसातून चारच वाक्यं बोलणार, पण नेमकी.

आम्ही तिघी होतो. मी, वर्ध्याची अक्षरा आणि इथिओपियाची हिवोत. आमचा कारखाना तिच्या देशात नवी शाखा काढणार होता. तिकडच्या मुलींना शर्ट शिवायला शिकवण्यासाठी तिथलेच चारजण आधी इथे शिकायला आणले होते. तिघे पुरुष कंपनीच्या वसतिगृहात राहायचे. बाई ही एकटीच, म्हणून तिला अक्कांकडे पाठवली. उंच, शेलाटी, गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस. सहा महिन्यांचं शिक्षण पूर्ण झालं की ती तिकडे एका अख्ख्या लाइनची, म्हणजे मशीनच्या रांगेची, प्रमुख होणार होती. तिच्या गावच्या किती मुलींनी अर्ज केले होते आणि त्यातून ती निवडली गेली होती, हे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं तेव्हा तिचा चेहरा देवीच्या आरतीच्या वेळी असतो तसा उजळला होता.

अक्कांनी पहिल्याच दिवशी तिची हिवता करून टाकली. आणि ती जेवायच्या आधी डोळे मिटून क्रूसाची खूण करते हे बघून मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, देवाचं नाव घेऊन जेवते, मुलगी चांगली आहे.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. घरापासून लांब आल्यावर माणसाला आधी तोंडाची चव सापडावी लागते, मग बाकीचं. आम्ही दर रविवारी रस्त्यापलीकडच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, जायचो आणि कुणीही आधी न खाल्लेलं काहीतरी मागवायचो. चौचौ भात मागवला तर एका ताटलीत तिखट उपीट आणि गोड शिरा शेजारी शेजारी आले. अक्षरा म्हणाली की हे सासू-सून एका घरात ठेवल्यासारखं आहे. नाचणीचा मुद्दा मागवला त्या दिवशी तर आमचा तमाशाच झाला. तो काळा मऊ गोळा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. आम्ही चावत बसलो आणि तो दातांना चिकटून बसला. शेजारचे एक आजोबा राहवेना म्हणून पुढे आले आणि गिळून दाखवलं. हिवोतला पहिल्या फटक्यात जमलं. आजोबांनी तिला शाबासकी दिली आणि आम्हा दोघींकडे बघून मान हलवली.

मग एकदा सेट डोसा आला. हिवोतने तो बोटांनी दाबून बघितला, नाकाशी नेला, मग तुकडा तोडून सांबारात न बुडवता तसाच खाल्ला. तिच्या घरी टेफ नावाच्या बारक्या धान्याचं पीठ आंबवून मोठी, जाळीदार, आंबट पोळी करतात, तिला इंजेरा म्हणतात. हा डोसा म्हणजे इंजेराची लहान बहीण आहे असं ती म्हणाली. मग तिने तुकड्यात बटाट्याची भाजी गुंडाळली आणि माझ्या तोंडासमोर धरली. मी गोंधळले. त्यांच्याकडे जेवताना माणूस शेजारच्याला आपल्या हाताने घास भरवतो, त्याला गुर्शा म्हणतात, आणि नाही म्हणणं चांगलं दिसत नाही. मी खाल्ला. आमच्याकडे हे फक्त लग्नात होतं, असं मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, मग तुम्ही लोक इतर दिवशी काय करता?

हे घरी सांगितलं तेव्हा अक्का हसल्या, पण नाक मुरडून. उष्ट्याखरकट्याचं त्यांचं फार कडक. घोट घेतलेला पेला ओट्यावर ठेवला तरी त्या उचलून बाहेर नेत. दुसऱ्याच्या बोटांतला घास खायचा, हे मला या जन्मात जमायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

उपवासावरून मात्र माझे आणि अक्कांचे वाद व्हायचे. मी एकादशी धरते, त्याही धरतात. पण पहिल्याच एकादशीला त्यांनी माझ्यासमोर रव्याचं उपीट ठेवलं आणि मी हबकले. आमच्याकडे रवा म्हणजे धान्य, तो कसा चालेल? त्या म्हणाल्या, आमच्यात तांदूळ तेवढा नाही, रवा चालतो, पोहेही चालतात. मी आईने बांधून दिलेली भगर काढली तर त्यांनी ती तळहातावर घेऊन बघितली. "याला तुम्ही वरीचे तांदूळ म्हणता आणि उपासाला खाता? नावातच तांदूळ की." अण्णांनी पेपराआडून तोडगा काढला की शेजारच्या आचार्यांकडे एकादशीला पाणीसुद्धा घेत नाहीत, तेव्हा तुम्ही दोघींनी गप्प बसावं. आमचं एकाच गोष्टीवर एकमत होतं. दूध आणि तूप कुठल्याही उपवासाला चालतं. त्यावर वादच नव्हता, आणि पुढचा सगळा घोळ तिथेच झाला.

फेब्रुवारीत हिवोत एकाएकी जेवेनाशी झाली. आधीही ती बुधवारी, शुक्रवारी जरा हात आखडता घ्यायची, पण ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता मात्र रोजचंच. सकाळी काही नाही. दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये कोरडा भात आणि केळं. रात्री पानावर बसायची, कडेकडेचं चिवडायची, हात जोडायची आणि उठायची. तिच्याबरोबरचे तिघे पुरुष कँटीनमध्ये दहीभात, ऑम्लेट सगळं व्यवस्थित खात होते, त्यामुळे इथल्या हवापाण्याचा प्रश्न नव्हता.

अक्कांनी ते मनाला लावून घेतलं. त्यांच्या घरून कुणी अर्धपोटी उठलं असं कधी झालं नव्हतं. माझ्या हाताची चव गेली का गं, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मग त्यांनी आपल्या परीने उपाय सुरू केला. वरणात फोडणीला तूप, भातावर नेहमीच्या दुप्पट तूप, पोळीच्या पदरांत तूप. गुरुवारी पोंगल केला तो तर तुपात पोहत होता. हिवोत त्या दिवशी आणखीच कमी जेवली.

एकदा कपडे वाळत घालताना मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, उपवास आहे. ईस्टरच्या सणापर्यंत, जवळजवळ दोन महिने, रोज. ते तिघे दुसऱ्या पंथाचे, त्यांच्यात नसतो. मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलंच नाही. ओल्या हातांनी जिना उतरून खाली गेले आणि अक्कांना बातमी दिली. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या देशात येऊन, दिवसभर मशीनवर काम करून, पोर दोन महिने व्रत करते, आणि आपण तिला भात वाढतोय. त्यांनी त्याच संध्याकाळी साबुदाणा भिजत घातला.

दुसऱ्या दिवशीपासून हिवोतचं पान वेगळं वाढलं जाऊ लागलं. तुपातली साबुदाण्याची खिचडी, वर सायीचं दही. तुपावर परतलेले बटाटे. आणि रोज झोपायच्या आधी पेलाभर दूध, केशर घालून. हिवोत ते सगळं बघायची आणि तिचे डोळे भरून यायचे. अक्कांना वाटायचं, आईच्या आठवणीने भरून येतात. ती बटाट्याच्या एखाद्या फोडीला हात लावायची, खिचडीतले शेंगदाणे वेचायची. दुधाचा पेला मात्र दोन्ही हातांनी घेऊन वर जायची आणि रिकामा पेला धुऊन परत आणायची. तो पेला बघून अक्कांना समाधान वाटायचं. निदान दूध तरी पोटात जातंय.

मग एका सकाळी लाइनवर कॉलर जोडता जोडता ती मशीनवरच झुकली. शेजारच्या मुलीने वेळेवर पॅडलवरून तिचा पाय काढला म्हणून सुईखाली हात गेला नाही. कारखान्याच्या दवाखान्यात सलाइन लावलं. आमच्या शिक्षण विभागाच्या हर्षिता मॅडम तिथे आल्या. त्या कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही नाही चढवला. त्यांनी मला बाहेर बोलावून हिंदीत समजावलं की चालू मशीनवर अशी माणसं बसवता येत नाहीत, नियम आहे. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर परत तपासतील. वजन आणि रक्तदाब ठीक असला तर लाइनवर, नाहीतर तिला घरी पाठवायचं आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आणायची. "मला स्वतःला हे नको आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून तुला सांगतेय. तिला जेवायला घाला."

अक्का रिक्षा करून तिला न्यायला आल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. रिक्षात त्या हिवोतचा हात आपल्या मांडीवर धरून बसल्या.

घरी आल्यावर खरी गोष्ट आधी अक्षराच्या तोंडून बाहेर पडली. रोजचं केशरी दूध ती पीत होती. हिवोत तिला द्यायची आणि बोलू नको म्हणायची. "अक्का, सॉरी, मला वाटलं तिला आवडत नसेल," अक्षरा रडवेली होऊन म्हणाली, "आणि केशर पण होतं ना त्यात." अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. तरीच म्हटलं, त्या म्हणाल्या, वाळत होती ती आणि गाल येत होते तुला.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि डबे काढायला लागल्या. आम्हाला वाटलं रागाने आवरासावर करताहेत. पण त्यांनी जेवणाच्या टेबलावर एकेक वस्तू मांडली. दुधाचं पातेलं, दह्याचं भांडं, तुपाची वाटी, तांदूळ, तूरडाळ, रवा, नाचणी, शेंगदाणे, तेलाची बाटली, बटाटे, केळी, गूळ. हिवोतला समोर खुर्चीवर बसवलं. दुधाकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. हिवोतने मान हलवली, नाही. अक्कांनी दूध डावीकडे सरकवलं. मग तांदूळ. हो. तांदूळ उजवीकडे. दही, डावीकडे. डाळ, उजवीकडे. त्यांना एका शब्दाची गरज पडली नाही. शेंगदाण्यापाशी हिवोत हसली. तेलापाशीही हो म्हणाली. शेवटी तुपाची वाटी राहिली. हिवोतने अक्कांकडे बघितलं आणि काही केल्या तिची मान हलेना. अक्कांनीच वाटी उचलून डावीकडे ठेवली.

डावीकडे दूध, दही, तूप. उजवीकडे आम्ही उपवासाला सोडतो ते जवळजवळ सगळं.

अण्णा केव्हा येऊन दारात उभे राहिले होते कुणास ठाऊक. ते म्हणाले, "आपण धान्य सोडतो, ती गाईचं सोडते. देव दोघांचंही चालवून घेतो, अडतं ते स्वयंपाकघरात."

अक्का मटकन खुर्चीवर बसल्या. दोन आठवडे आपण या मुलीला नेमकं तेच वाढलं जे तिने देवासाठी सोडलंय, आणि तीही आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बोलली नाही. मला वाटलं आता या रडतील. पण त्या हसायला लागल्या. हिवोतही हसायला लागली, मग अक्षरा, आणि सगळ्यांत शेवटी मी, कारण बातमी अर्धवट घेऊन जिना उतरले होते ती मीच.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराचं वळण बदललं. हिवोत दुपारपर्यंत काही खात नसे, त्यावर अक्कांनी तिला आईला फोन लावायला सांगितलं. फोनच्या पडद्यावर पांढरी ओढणी घेतलेली एक बाई आली. ती तिच्या भाषेत बोलली, अक्का मराठीत बोलल्या, आणि मध्ये हिवोत आणि मी इंग्रजीतून एकीचं दुसरीला पोचवत होतो. पोर आजारी आहे, कष्टाचं काम करते, तिने सकाळी खावं, असं आईने निक्षून सांगितलं. अक्का समाधानाने म्हणाल्या, सरी, तिकडेही आया शहाण्याच आहेत.

तेव्हापासून सकाळी नाचणीचा मुद्दा आणि शेंगदाण्याची चटणी, डब्यात तेलातली मसूरडाळ आणि भात, संध्याकाळी छोले किंवा पालेभाजी. हिवोतने आपल्या ट्रंकेतून लाल तिखटाची पिशवी काढली. बर्बेरे म्हणतात त्याला, मिरचीत मेथी, लसूण आणि कसले कसले मसाले. डाळीवर चिमूटभर भुरभुरलं तर घरभर वास. अण्णांनी चाखून बघायचा आग्रह धरला आणि नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

अडचण एकच होती. अक्कांचा हात. पहिल्या रात्री त्यांनी हिवोतला भात वाढला, डाळ वाढली, आणि मागे वळल्या त्या वाटी-पळी घेऊनच. सवयीनेच. हिवोतने पटकन ताटावर हात आडवा धरला. अक्का तिथेच थांबल्या. पळी ताटावर, तुपाचा थेंब टोकाला जमलेला. तूप न वाढता पान पुढे जाऊ द्यायचं, हे त्यांच्याने होईना, आणि त्या पोरीचं व्रत मोडायचं, तेही होईना. आम्ही सगळे जेवायचे थांबलो.

अक्का वळल्या आणि देवघरात गेल्या. निरांजनात पळीभर तूप ओतलं, वात पुढे सारली आणि दिवा लावला. बाहेर येऊन म्हणाल्या, "तिच्या वाटणीचं तिथे दिलंय. जेव आता, पान शुद्ध आहे."

मी हिवोतला सांगितलं काय झालं ते. तिने देवघराकडे बघून क्रूसाची खूण केली आणि भात कालवला. त्या रात्री ती दुसऱ्यांदा भात मागून जेवली. तेव्हापासून रोज तेच. आमच्या पानावर तूप, तिचं तूप दिव्यात.

तपासणीच्या त्याच शुक्रवारी एकादशी आली. आदल्या बुधवारी मी भगर निवडत बसले होते तर हिवोतने चिमूटभर उचलून बोटांत चोळली आणि ओरडलीच. टेफ नव्हे, पण टेफचं कुणीतरी नातेवाईक. हे दळून आंबवलं तर इंजेरा होईल. मग सगळ्या घराने ते मनावर घेतलं. मला हवं तसं त्यात धान्य नाही, हिवोतला हवं तसं दूध-तूप नाही, आणि अक्कांनीही नावातल्या तांदळाला माफ करून टाकलं. फक्त डोशाचं पीठ लागलेलं भांडं वापरायचं नाही, त्यात उडीद असतो, एवढं त्यांनी बजावलं. भगर भिजवली, वाटली, आणि झाकून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. गुरुवारी संध्याकाळी झाकण काढलं तर फुगे आले होते आणि आंबूस वास सुटला होता. हिवोत भांड्यावर वाकून डोळे मिटून उभी राहिली, तशी आमच्याकडे बायका धुपाच्या वासाला उभ्या राहतात.

शुक्रवारी सकाळी कारखान्यात जाण्याआधी तवा ठेवला. फोनवर तिची आई होतीच. पहिला इंजेरा तव्याला चिकटला तो खरवडून काढावा लागला. दुसरा फाटला. आई पलीकडून काहीतरी सांगत होती, हिवोत चिडत होती, आणि अक्का म्हणत होत्या की तवा तापला नाही, स्वल्प थांब की. तिसरा पसरला आणि वर बारीक बारीक भोकं उमटायला लागली. जाळी पडली, अक्का म्हणाल्या. तिकडे त्या भोकांना डोळे म्हणतात. अक्का कालथा घेऊन उलटायला धावल्या तर फोनमधून तिच्या आईने हात हलवले. इंजेरा उलटत नाहीत, एकाच बाजूने भाजतात, झाकण ठेवून. अक्कांनी कालथा खाली ठेवला आणि फोनकडे बघून मान तुकवली. हिवोतने त्यातला एक तिथेच गरम गरम खाल्ला, एक रुमालात गुंडाळून घेतला, आणि आम्ही बस पकडली.

दुपारी तिला आत बोलावलं तेव्हा मी आणि अक्षरा लाइनवरून दवाखान्याच्या दाराकडेच बघत होतो. टाचणीने माझी दोन बोटं टोचली. मनात विठ्ठलाचं नाव चालू होतं, आणि मग वाटलं की आज तिच्याही देवाला सांगावं, म्हणून त्यालाही सांगितलं. दार उघडलं. हर्षिता मॅडम आधी बाहेर आल्या आणि त्यांनी लांबूनच हात वर करून हिवोतच्या मशीनकडे बोट दाखवलं. मागून हिवोत आली, सरळ आपल्या जागेवर बसली, आणि कॉलरचा पुढचा तुकडा सुईखाली सरकवला. जाताना मॅडम माझ्यापाशी थांबल्या आणि तिला काय खाऊ घातलंत म्हणून विचारलं. मी म्हटलं, उपवासाचं. त्यांना ते काही कळलं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तर अक्कांनी दाण्याची आमटी तेलात जिऱ्याची फोडणी देऊन केली होती, बटाट्याची भाजी होती, आणि उरलेल्या पिठाचे इंजेरे एका मोठ्या ताटात पसरले होते. आम्ही येताच त्यांनी हिवोतचं तोंड बघितलं आणि काही न विचारता देवघरात जाऊन दिवा लावून आल्या.

हिवोतने मात्र ठरवून ठेवलं होतं. त्यांच्याकडे सगळे एकाच ताटातून जेवतात, आणि आज तसंच जेवायचं. अक्का मागे सरल्या. अण्णा पाट सरकवून सगळ्यांच्या आधी ताटाशी बसले. हिवोतने इंजेराचा तुकडा तोडला, त्यात भाजी घेतली, आमटीत टेकवला, सुबक गुंडाळी केली आणि अक्कांच्या तोंडासमोर धरली. आमटी तिच्या मनगटावरून ओघळत होती.

"अहो, हे काय, उष्टं होतं की," अक्का पुटपुटल्या.

"घे," अण्णा म्हणाले. "लग्नात मी भरवला तेव्हाही असंच म्हणाली होतीस."

अक्कांनी डोळे मिटले आणि घास घेतला. मोठा होता, गाल फुगला. बराच वेळ चावून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे. मग ताटातला एक तुकडा तोडून, त्यात भाजी भरून, त्यांनी तो हिवोतला भरवला. मग अक्षराला. मग मला. अण्णांची पाळी आली तेव्हा अक्कांनी आजूबाजूला बघितलं, लाजल्या, आणि तुकडा त्यांच्या हातात दिला.

हिवोतने शिक्षण पूर्ण केलं आणि जूनमध्ये ती घरी परतली. आता तिच्या हाताखाली एक अख्खी लाइन आहे. मध्ये तिने व्हिडिओ पाठवला होता. लांबच लांब मशीनची रांग, आणि ती मागून चालत एकेका मुलीच्या खांद्यावर हात ठेवत होती. अक्कांनी तो आनेकलच्या सगळ्या नातेवाइकांना दाखवला, ही आमची हिवता म्हणून.

तिच्या खोलीत आता ओडिशाची एक मुलगी आली आहे. पहिल्या रात्री ती जेवायला बसली तेव्हा अक्का वाटी-पळी घेऊन आल्या, पानापाशी थांबल्या, आणि इतक्या वर्षांत जे कुणाला विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "तूप चालतं ना गं तुला?"

मुलगी संकोचून म्हणाली, थोडंसं.

अक्कांनी पळी काठोकाठ भरली आणि तिच्या भातावर ओतली.